विकाऊ भांडण

तरुणपणी चेंचो बारागानला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, ते त्याला मार खाता येत होता म्हणून. लॉस एंजेलिसच्या जुन्या सभागृहात तो हात खाली सोडून समोरच्या बॉक्सरला 'ये, मार' म्हणायचा. नाक फुटायचं, भुवई फाटायची, पण गडी मागे सरायचा नाही. लढत हरला तरी लोक खुशीने रिंगमध्ये नाणी फेकायचे आणि तो रक्ताळलेल्या तोंडाने ती वेचायचा. चाळिशी आली तोवर त्याचा डावा कान ठार बहिरा झाला होता आणि बुटाची नाडी बांधताना बोटं थरथरत होती. नाणी फेकणारे केव्हाच दुसऱ्या कुणाकडे वळले होते.

मग तो बायकोला, ओफेलियाला घेऊन जवळच्या ऑक्सनर्ड गावी आला. ती लिंबं पॅक करायच्या कारखान्यात लागली. तो दिवसा छपरांची कामं करायचा आणि संध्याकाळी कोलोनिया वस्तीत, टायरच्या एका बंद पडलेल्या दुकानात, स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणाऱ्यांच्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. त्याच्या तालमीत धडा एकच होता: मार खायचा नाही. एखादा पोरगा झकास ठोसा हाणून ऐटीत त्याच्याकडे बघायला लागला की चेंचो विचारायचा, "आणि तुला किती बसले?"

हा धडा कुणी रक्तात मुरवला असेल तर तो नोए साल्दिवारने. आईबाप नसलेल्या या पोराला त्याच्या आत्याने तालमीत आणून सोडलं, आणि आत्या वारल्यावर तो चेंचोच्याच घरी राहिला. नवराबायकोला मूल नव्हतं. ओफेलिया त्याच्या ताटात दोनदा वाढायची आणि नवऱ्याला सांगायची, तू वाळलास तरी चालेल. नोए अबोल होता. रिंगमध्ये तो समोरच्याचा ठोसा यायच्या आधीच तिथून निघून गेलेला असायचा. खांदा जरासा वळवायचा, अर्धं पाऊल मागे घ्यायचा आणि हलकासा ठोसा ठेवून परत यायचा. सव्विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला आणि तेव्हाही त्याच्या चेहऱ्यावर एक ओरखडा नव्हता.

पण त्याला बघायला कुणी येईना. खुर्च्या रिकाम्या राहायच्या. आलेले लोक नेमके त्याच्या फेऱ्या चालू असताना बिअर आणायला उठायचे. ज्या मोठ्या लढती लोक पैसे भरून घरी टीव्हीवर बघतात, त्यांच्यात नोएची लढत नेहमी आधीची, लोक अजून शेगडी पेटवत असतानाची.

शेवटी त्याच्या लढती भरवणाऱ्या स्ट्राउड नावाच्या माणसाने दोघांना कचेरीत बोलावलं. माणूस गोड बोलणारा होता. त्याने नोएच्या कौशल्याची आधी तारीफ केली आणि मग ते कसं निरुपयोगी आहे ते समजावलं. तो म्हणाला, "चांगला आहे म्हणून कुणी कुणासाठी पाकीट उघडत नाही. लोक दोघांसाठीच पैसे भरतात. एक, ज्याच्यावर त्यांचा जीव आहे. दुसरा, ज्याला आडवा झालेला बघायचंय. तू हसत नाहीस, कुणाला लोळवत नाहीस, म्हणजे पहिला तू होणार नाहीस. दुसरा होता येतं का बघ."

नोएने प्रयत्न करून बघितला. पत्रकारांसमोर प्रतिस्पर्ध्याला शिव्या घालायला त्याला उभं केलं तर तो अडखळला आणि शेवटी त्याच माणसाची माफी मागून खाली बसला. ती चित्रफीत बघून देशभर लोक हसले. तिकिटं मात्र तेवढीच खपली.

नोए आता वेगळा राहायचा. पुढच्या रविवारी तो चेंचोच्या घरी जेवायला आला. ओफेलियाने आतड्यांचा तिखट रस्सा केला होता. त्याने वाटीला हात लावला नाही. मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या उलिसेस सामारिपाशी लढत ठरत होती. सामारिपा म्हणजे सगळ्या मेक्सिकन लोकांच्या गळ्यातला ताईत. लढतीआधी टीव्हीवर चार भागांची मालिका दाखवणार होते आणि तिच्यासाठी स्ट्राउडच्या माणसांनी एक गोष्ट शोधून काढली होती.

"मी तुम्हाला हाकलून देतो असं दाखवायचंय, वस्ताद," नोए ताटाकडे बघत म्हणाला. "खोटं खोटं. लढत झाली की तुम्ही परत माझ्या कोपऱ्यात."

चेंचोच्या लगेच ध्यानात आलं. आपल्या मेक्सिकन लोकांना चोर चालतो, दारुडा चालतो, पण ज्याने पोसलं त्या म्हाताऱ्याला दाराबाहेर काढणारा चालत नाही. आणि पैसे भरून लढती बघणारे बहुतेक आपलेच लोक. ज्याने कुणी हे शोधलं होतं त्याने आपल्या घरांत नीट डोकावून बघितलं होतं.

ओफेलियाने भांडी आपटली. "नाही म्हण," ती नवऱ्याला म्हणाली. "लोक हे खरं समजतील."

"खरं समजावं म्हणूनच तर करायचं," चेंचो म्हणाला. पोराला मोठी लढत मिळावी म्हणून त्याने आयुष्य घातलं होतं. आता एका दुपारच्या नाटकासाठी मागे कशाला हटायचं? उलट त्यानेच सुचवलं, "मला अरेतुरे कर. त्याने लोक जास्त चिडतील." त्याच्याकडून सही घेतली गेली की यातलं एक अक्षर कुठे बोलणार नाही.

चित्रीकरण तालमीतच झालं. पहिल्या खेपेला नोएचा आवाज इतका बारीक होता की जमलेल्या पोरांनाही ऐकू गेला नाही. दुसऱ्या खेपेला तो चेंचोच्या डोळ्यांत बघताच थांबला. चित्रीकरण करणाऱ्या बाईने त्याला बाजूला नेलं आणि बराच वेळ काही सांगितलं. तिसऱ्या खेपेला तो आला तो तरातरा. त्याने चेंचोची बादली लाथाडली, पिशवी रस्त्यावर भिरकावली आणि लिहून दिलेलं नव्हतं ते बोलला.

"तू आयुष्यभर मार खाल्लास, म्हाताऱ्या. तू घाबरलास, आणि तीच भीती मला शिकवलीस. बॉक्सिंग म्हणून."

चेंचोला रडू फुटलं. ते त्याने ठरवलेलं नव्हतं. कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ येऊन थांबला आणि बाईने मान डोलावली. सगळं आवरल्यावर नोए त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "चांगलं झालं ना, वस्ताद?"

मालिका दाखवली गेली आणि कोलोनिया पेटून उठली. भिंतीवर काढलेल्या नोएच्या चित्रावर कुणी शेण फासलं. शेजारणी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले घेऊन दारात यायच्या आणि ओफेलियाच्या गळ्यात पडायच्या. बेकरीवाल्याने चेंचोकडून पावाचे पैसे घेणं सोडलं. परक्या गावचे लोक गाडी थांबवून त्याचा हात हातात घ्यायचे. पोरगा जिवंत असताना लोक आपलं सांत्वन करायला येताहेत, हे काही त्याला सहन होईना. पण तोंड उघडायची सोय नव्हती. तो नुसता मान हलवायचा आणि लोक म्हणायचे, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. ओफेलियाने तामाले एकदाही खाल्ले नाहीत.

लढतीच्या संध्याकाळी गल्लीने वर्गणी काढून एका अंगणात मोठा पडदा लावला, मांस भाजायला शेगड्या मांडल्या. चेंचोला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. लास व्हेगासमध्ये नोए सोनेरी झगा घालून रिंगकडे निघाला तेव्हा तिथल्या हजारोंनी आणि इथल्या सगळ्यांनी एकाच वेळी शिट्ट्या मारून त्याची निर्भर्त्सना केली. आपल्या पोरासाठी एवढा आवाज चेंचोने आजवर ऐकला नव्हता.

नव्या प्रशिक्षकाने नोएला उभं राहून मारामारी करायला शिकवलं होतं. तो हात खाली सोडून सामारिपाला बोलवायचा. ठोसा बसला की जीभ काढून दाखवायचा. दरवेळी अंगण ओरडायचं आणि मागून कुणीतरी चेंचोच्या पाठीवर थाप मारायचं. "हा तुमच्यासाठी, चेंचोबाबा." पुन्हा ठोसा, पुन्हा थाप. तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "खांदा वळव, पोरा, खांदा वळव." पाचव्या फेरीत नोए खाली पडला तेव्हा लोकांनी चेंचोला खुर्चीसकट उचललं.

नोए उठला, शेवटपर्यंत टिकला आणि गुणांवर थोडक्यात जिंकला. अंगणात कुणीतरी शेगड्यांवर पाणी ओतलं. चेंचो उठून टाळ्या वाजवत होता हे त्याला स्वतःला उशिरा कळलं. शेजारचा बेनिग्नो त्याच्याकडे टक लावून बघत होता. ओफेलियाने नवऱ्याचा हात धरला आणि याला काही सुचेनासं झालंय असं सांगून घरी नेलं.

इतकी मोठी विक्री त्या वर्षात कुठल्याच लढतीची झाली नव्हती. चेंचोने फोनची वाट बघितली. फोन आला तो स्ट्राउडच्या कचेरीतून. लोकांना परत तीच लढत हवी होती आणि त्यासाठी लोकांचा राग टिकायला हवा होता, तेव्हा चेंचोने अजून काही दिवस कळ काढावी. नोएने स्वतः फोन केला नाही. दुसऱ्या लढतीत तो हरला आणि तरी कुणाला पैसे वाया गेल्यासारखे वाटले नाहीत. त्यानंतर टीव्हीवर बोलताना तो शब्द शोधायला लागला. एकदा प्रश्न संपल्यावर त्याने तोच प्रश्न परत विचारायला सांगितला. चेंचोने टीव्ही बंद केला आणि कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे बघत बसला.

सामारिपाशीच तिसरी लढत ठरत होती तेव्हा स्ट्राउड स्वतः कोलोनियात आला. लोकांचा राग आता शिळा झालाय, असं त्याचं म्हणणं होतं. आता त्यांना डोळे पुसायला काहीतरी द्यायला हवं. बापासारख्या वस्तादाने माफ केलं, पोरगा घरी परतला, अशी गोष्ट आता चालेल.

ओफेलिया म्हणाली, "भांडण विकलंत, आता समेट विकताय."

चेंचोने तिला बाहेर पाठवलं. त्याने एकच अट घातली. रिंगमध्ये नोएच्या कोपऱ्यातला मुख्य माणूस तो असेल आणि लढत थांबवायची की नाही यात त्याचा शब्द शेवटचा असेल. स्ट्राउड आनंदाने कबूल झाला. मग त्याच तालमीत, त्याच बाईसमोर, नोएने त्याच्या गळ्यात पडून रडून दाखवलं. चेंचोने त्याचं डोकं हातात धरलं आणि बोटांनी कानशिलं चाचपून विचारलं, "दुखतं?"

"नाही."

"दुखतं का?"

"सकाळी, थोडं," नोए म्हणाला. हा भाग मालिकेतून कापला गेला.

तिसऱ्या लढतीत लोक पहिल्यांदाच नोएच्या नावाने ओरडत होते. तो चांगला लढत होता, गुणांवर पुढे होता आणि भरपूर मार खात होता. नववी फेरी संपली तेव्हा तो वळला आणि विरुद्ध कोपऱ्याकडे चालू लागला. पंचाने हसून त्याला दंडाला धरून परत फिरवलं. लोकही हसले. चेंचोला हसू आलं नाही. दहाव्या फेरीत नोएला दोन ठोसे बसताच त्याने टॉवेल रिंगमध्ये फेकला, म्हणजे हार मानून लढत थांबवली.

लोकांना आधी कळेना. मग बाटल्या आल्या, कप आले. चेंचोला पोलिसांच्या कड्यातून आत न्यावं लागलं.

कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरे नव्हते. नोए बाकावर बसला होता आणि त्याची एक पापणी पूर्ण मिटली होती. "मी जिंकत होतो," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर बोललो ते खरंच होतं. तुम्हीच घाबरला होतात." या वेळी तो 'तुम्ही' म्हणाला, आणि म्हणून ते जास्त लागलं.

चेंचो कोलोनियात परतला तेव्हा बेकरीवाल्याने त्याच्याकडून पावाचे पैसे घेतले आणि सुट्टे काउंटरवर ठेवले, हातात दिले नाहीत. भरलेल्या पैशांची शेवटची गंमत म्हाताऱ्याने घालवली, असं लोक उघड म्हणत होते. तालमीतली पोरंही एकेक करून कमी झाली.

वर्षभरातच नोएची पुढची लढत जाहीर झाली. बसथांब्यावर जाहिरात लागली: त्याचा चेहरा, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आता टॉवेल फेकणारा कुणी नाही'. आधीच्या तिन्ही लढतींपेक्षा ती जास्त खपली. गल्लीने पुन्हा अंगणात पडदा लावला. या वेळी चेंचोला कुणी बोलावलं नाही. ओफेलियाने खिडक्या लावून घेतल्या आणि चेंचो बहिरा कान अंगणाच्या बाजूला करून पलंगावर पडला. तरीही आवाज आत येत होता. लोक आनंदाने ओरडत होते, आणि कोण मार खातोय हे त्या ओरडण्यावरून कळत नव्हतं.