शेगडीला पळीभर पाणी

शेगडी विकणाऱ्या डच माणसाने कॉफीबरोबर आपणहून दुसरं बिस्किट पुढे केलं, तेव्हाच मी उठायला हवं होतं. इथे एक बिस्किट दिलं की डबा बंद होतो. पण मला घाई होती.

आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे लायडस्खेनडामला राहायला आले होते आणि आल्यापासून कुडकुडत होते. इथले जिने शिडीसारखे, त्यांचे गुडघे दुखरे, म्हणून त्यांना खालची मागची खोली दिली. आणि घरातली सगळ्यांत गार खोली नेमकी तीच. माकडटोपी, दोन स्वेटर, वर शाल अशा थाटात ते खिडकीशी बसत आणि रोज चहा घेताना म्हणत, "परतीचं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ." पुण्याच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये त्यांनी एकट्याने दिवाळी काढावी, हे मला सहन होणारं नव्हतं. म्हणून ती जुनी, स्वस्तातली पेलेटची शेगडी घरी आली.

पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाच्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. त्या वरच्या टाकीत ओतायच्या. विजेवर फिरणारं मळसूत्र त्या हळूहळू जाळात ढकलतं आणि पंखा गरम हवा खोलीत सोडतो. आमच्या शेगडीला यातलं काहीही करायचं नव्हतं.

नवरा आयटीत. त्याने प्लग काढला, थांबला, परत लावला. स्क्रीनवर इटालियनमध्ये काहीतरी उमटलं. शेगडी मूळची तिकडची. आधीच्या मालकाने भाषा बदलली नव्हती आणि आम्हाला ती बदलता येईना. "भंगार आहे हे," असा निकाल देऊन नवरा वर मीटिंगला पळाला.

मग मीच पाना हातात घेतला. मी घरून डबे करून देते. बिघडलेले मिक्सर उघडून उघडून माझी भीड चेपली आहे. धुराड्याच्या कामाला तेवढा माणूस बोलावला. बाकी जुन्या टूथब्रशने राख खरवडली, शेगडीच्या दाराची धूर अडवणारी झिजलेली दोरी बदलली, आग पेटवणारी विजेची कांडी नवी बसवली. बाबांनी जन्मभर बँकेत नोकरी केलेली, घरातला बल्बसुद्धा आई बदलायची. ते खुर्चीतून सल्ले देत होते.

"डावीकडे फिरव. अगं, माझ्या डावीकडे!"

दसऱ्याच्या सकाळी शेगडी पेटली. बाबांनी माकडटोपी काढली! मी आनंदाने श्रीखंड करायला स्वयंपाकघरात गेले, आणि इकडे बाबांनी शेगडीची पूजा मांडली. दसऱ्याला यंत्राची पूजा व्हायलाच हवी. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि पळीभर पाणी सोडलं. थेट टाकीत.

भुसाच तो. पाणी पिऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगला आणि मळसूत्र ठप्प. शेगडी इटालियनमध्ये कोकलायला लागली.

"बाबा, दरवर्षी टीव्हीची पूजा करता, तेव्हा आत पाणी ओतता का?" मी ओरडले.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझी अडचणच होते तुम्हाला. तू तिकीट बघ," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी परत चढवली.

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण माफी मागणं आमच्या घराण्यात नाही. मी त्यांच्या हातात चमचा दिला. "तुम्ही फुगवलंय, तुम्हीच उकरा."

ते स्टुलावर आणि मी जमिनीवर, असे आम्ही टाकी उकरत बसलो. बाबा कानापर्यंत भुशाने माखले. "तुझी आई असती ना," ते अचानक म्हणाले, "तर तिने आधी माझी पळी लपवली असती." आणि ते हसले. आई गेल्यापासून तिचं नाव निघालं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्या दिवशी मात्र तिच्याबद्दल बोलतच राहिले, ती कशी फ्यूज बदलायची आणि ते कसे लांबून टॉर्च धरायचे. संध्याकाळी शेगडी पुन्हा पेटली.

मग ती गुणी बाळासारखी चालली. खोली उबदार झाली, माकडटोपी खुंटीला लागली. आणि बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन गप्प बसायला लागले. एका सकाळी चहा घेताना म्हणाले, "तिकिटाचं काय झालं?" आता आणखी काय गरम करायचं होतं?

त्याच दुपारी शेगडी पुन्हा कोकलली. मी झाकण उघडलं. टाकीत मधोमध, पळीभर जागेत, भुसा फुगला होता.

"बाबा, आज कसली पूजा?"

"आज संकष्टी ना."

"संकष्टी परवा झाली. चंद्र दिसेना म्हणून तुम्हीच मला अंगणात गारठत उभं केलं होतं."

स्टूल त्यांनी आधीच शेगडीपाशी ओढून ठेवलं होतं, आणि त्यावर माझ्या खणातले दोन चमचे होते.

मी शेगडीचा प्लग काढला, डोळे पुसले आणि म्हटलं, "सरका थोडे."