तिला संस्कृत शिकायचं होतं

गंगेकाठच्या या शहरात, दूधविनायकाच्या गल्लीत, आमच्या मराठी घराची ही सहावी पिढी. घरात पोथ्यांची दोन कपाटं आहेत, आजोबा घरीच विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवायचे. मी मात्र बँकेत गेलो. नोकरीची शेवटची वर्षं गंगेपलीकडच्या एका खेड्यातल्या शाखेत मॅनेजर होतो. तिथे शेतकऱ्यांची हुशार मुलं बारावी झाली की घरी बसायची, हे रोज डोळ्यांसमोर होतं. म्हणून रिटायर झाल्यावर आसपासच्या पाच-सहा मराठी घरांना एकत्र केलं आणि दर वर्षी अशा दोन मुलांची कॉलेजची फी आपण भरायची असं ठरवलं. ही कल्पना माझी, हे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत असे.

मुलाखती आमच्याच बैठकीत व्हायच्या. मी असायचो आणि ब्रह्मा घाटावर राहणाऱ्या एक बाई असायच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी ती मुलगी आली. बरोबर वडील होते. त्यांची झेंडूची शेती. पहाटे माळांचं गाठोडं घेऊन ते फुलांच्या मंडीत येत. वडील दाराजवळच बसले, खुर्ची दिली तरी घेईनात. ती मात्र समोर नीट बसली. बारावीला मार्क चांगले होते, संस्कृतमध्ये तर सगळ्यात जास्त.

"पुढे काय शिकायचंय?" मी विचारलं.

"संस्कृत, सर," ती हिंदीत म्हणाली. "बीए, मग एमए."

मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही. "हे कुठून सुचलं?"

लहानपणापासून सुट्टीत ती वडिलांबरोबर शहरात यायची. माळा विकून होईपर्यंत ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर बसायची. वरच्या पाठशाळेत मुलं संस्कृत श्लोक घोकत असायची, ते ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. अर्थ कळत नव्हता, तो पुढे शाळेतल्या गुरुजींनी सांगितला. मी परीक्षा घ्यावी तशी एका अवघड शब्दाची रूपं विचारली. तिने सगळ्या विभक्ती सांगितल्या, कुठे अडखळली नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"छान," मी म्हटलं. "पण याने पोट भरेल का?"

"पोट फुलांवर भरतंय, सर. हे मला शिकायचंय."

दोघांना बाहेर ओट्यावर बसायला सांगून आम्ही बोललो. मी म्हणालो, नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स करू दे, नोकरी हातात पडेल, घर वर येईल. संस्कृत शिकून ही खेड्यातली मुलगी काय करणार?

बाई म्हणाल्या, "नर्सिंग वाईट नाही हो. पण तिने ते मागितलेलं नाही."

"लोकांचे पैसे आहेत, बाई. वाया जायला नकोत."

मी दोघांना आत बोलावलं आणि वडिलांना सगळं समजावून सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "मॅनेजरसाहेब सांगतायत ते भल्याचंच असेल." मुलीने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. फॉर्म मी स्वतः भरला. सही करताना तिने विचारलं, "सर, संस्कृत नंतर बाहेरून करता येईल ना?" मी म्हटलं, "आधी हे तर कर."

पहिलं वर्ष ती पास झाली. गणपतीत आमच्याकडे सगळे जमतात, तेव्हा तिची मार्कशीट मी लोकांना दाखवली. माझ्या बायकोने विचारलं, "अहो, पण ती खूश आहे का?" मी म्हटलं, खूश का नसेल?

दुसऱ्या वर्षी कॉलेजमधून फोन आला की ती दीड महिना आलेली नाही. मी तसाच ऑटो करून तिच्या गावी गेलो. ऊन चढलं होतं. घरातली सगळी माणसं शेतात फुलं तोडत होती, तीही होती. तिच्या आईने झाडाखाली खाट टाकली, गूळ आणि पाणी आणलं. मी पाण्याला हात लावला नाही.

वडील म्हणाले, "वॉर्डात तिला चक्कर येते, साहेब. दोनदा पडली. रात्रभर झोपत नाही. आम्हीच म्हटलं, घरी ये."

"मला का नाही कळवलं?"

मग मी बोलायला लागलो, आणि जे बोललो ते आजही आठवतं. किती लोकांनी विश्वास ठेवून पैसे दिले, तुमच्यामुळे माझी मान खाली गेली, पुढच्या मुलांना आता कोण मदत करणार, असं सगळं. तिच्या लहान बहिणी टोपल्या घेऊन उभ्या राहून ऐकत होत्या. आईने पदर तोंडाला लावला.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही विचारलं होतं काय शिकायचंय. मी सांगितलं होतं."

आवाजात राग नव्हता. मी उठलो आणि ऑटोत बसलो.

त्या वर्षी मी सगळ्यांना सांगितलं की एक वर्ष थांबू या, गावाकडची मुलं टिकत नाहीत. चार अर्ज आले होते. ते मी न उघडता कपाटात ठेवून दिले. ती चार मुलं कोण होती, त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पुढच्या वर्षी बाईंनी मला न विचारता काम पुन्हा सुरू केलं. मुलाखती त्यांच्या घरी व्हायला लागल्या.

त्या मुलीबद्दल मात्र विचार सुटत नव्हता. पुष्कळ उशिरा मी स्वतःला एक प्रश्न विचारला. आमच्या गल्लीतला एखादा मुलगा, एखाद्या वैदिक घरातला, असाच समोर बसून संस्कृत शिकायचंय म्हणाला असता, तर मी पोटाचा प्रश्न काढला असता का? नसता. मी त्याची पाठ थोपटली असती, आजोबांचं एखादं पुस्तक काढून दिलं असतं. माळ्याची मुलगी म्हणाली तेव्हा मला हसू आलं. त्याला मी व्यवहार म्हणत होतो.

गेल्या वर्षी बाई आजारी होत्या म्हणून भेटायला गेलो. बोलता बोलता कळलं की बाईंनी तिला पुस्तकं पाठवली होती, बीएचा फॉर्म भरून दिला होता. शेतीचं काम करत बाहेरून परीक्षा देत चार-पाच वर्षांत तिने ते पूर्ण केलं. मग लग्न झालं. आता सासरच्या गावाजवळ एका छोट्या शाळेत शिकवते. पगार थोडा आहे. एमए राहिलं ते राहिलंच.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"तिनेच सांगितलं होतं, नका सांगू म्हणून," बाई म्हणाल्या. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणाली."

बाईंकडून नंबर घेतला. दोन दिवस फोन नुसता हातात धरून बसलो, तिसऱ्या दिवशी लावला. तिने आवाज लगेच ओळखला. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मला गुडघ्यांचा त्रास आहे हे तिला बाईंनी सांगितलं असणार. मी म्हटलं, "एमए कर आता. सगळा खर्च मी करतो. एकट्याने करतो, कोणाला विचारायचं नाही."

ती म्हणाली, "आता नको, सर. मुलगी दोन वर्षांची आहे. सासू आजारी असते. शाळा सोडली तर ही जागा परत मिळणार नाही. तेव्हा जमलं असतं."

तेव्हा जमलं असतं हे तिने टोचून म्हटलं नाही. जसं होतं तसं सांगितलं.

मला माफी मागायची होती, त्यासाठीच फोन केला होता. पण तोंडातून निघालं ते असं: "फीचं काही अडलं तर सांग हं." ती म्हणाली, "जी सर, नक्की." मागे मुलांचा गलका चालला होता. वर्गावर जायचंय म्हणाली, प्रणाम केला आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी फोन केलेला नाही. नंबर आहे माझ्याकडे.