लागल्यावर जनावर काय करतं

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा आमचे हे एका भातगिरणीत इंजिनावर मिस्त्री होते. कामाच्या बाबतीत फार खरा माणूस. इंजिनाचा पट्टा आठवडाभर टिकेल असं म्हणाले, तर तो आठव्या दिवशी तुटायचा. बाजारातून आणलेली मासळी शिळी निघाली तर कोळणीला दोष न देता ‘मीच कल्ले उघडून पाहिले नाहीत’ असं कबूल करायचे. असा माणूस दर रविवारी दुपारी चार ते सहा आमच्या ओट्यावर बसून मनसोक्त थापा मारायचा, याची मला सवय व्हायला वर्ष लागलं.

ओट्यावर तिघं जमत. एक हे. दुसरे शेजारचे निवृत्त फौजदार. आणि तिसरे कोळशाची वखार असलेले चाचा. तिघांकडे बंदुका होत्या. ह्यांच्याकडे वडिलांची जुनी दुनळी होती. त्या काळी गावाबाहेर पडलं की पाऊणएक तासात रान लागायचं. खाडीकडे गेलं की थंडीत बदकं, कर्नाळ्याच्या बाजूला गेलं की डुकरं, भेकरं, नशीब असलं तर सांबर. महिन्यातून एखादी शिकार व्हायची, पण बोलणं मात्र दर रविवारी.

बोलण्याचा विषय एकच असायचा. बार लागल्यावर जनावराने काय केलं. कुठे गेलो, कसे बसलो, नेम कसा धरला हे दोन वाक्यांत उरकायचे. ‘आणि मग लागली!’ असं म्हटलं की तिघंही पुढे सरकून बसायचे. खरी गोष्ट तिथून सुरू.

फौजदारांच्या बिबट्याला छातीत गोळी लागली, तेव्हा तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे पंजे जोडले आणि सावकाश खाली बसला. “नमस्कार केला हो त्याने मला,” ते म्हणायचे. चाचांचं बदक छर्रे लागल्यावर तसंच पंख ताणून न्हावे गावाच्या दिशेने खाडी ओलांडून गेलं, पलीकडे वळलं, परत आलं आणि त्यांच्या पायाशी पडलं. “अल्ला कसम, मी जागचा हललो नाही,” चाचा म्हणायचे. आणि ह्यांचं सांबर! काळजातून गोळी आरपार गेलेली असताना ते चाळीस पावलं धावलं, ओढ्यापाशी थांबलं, पोटभर पाणी प्यायलं आणि मग मान टाकली. पुढच्या वर्षी ते ऐंशी पावलं धावलं. त्याच्या पुढच्या वर्षी ओढ्याच्या जागी नदी आली.

मी मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. दिवसभर पोरींची गणितं तपासून आलेली बाई. आत चहा गाळताना हे कानावर पडलं की हात शिवशिवायचे. एकदा रात्रीच्या जेवणावर बसलो असताना मी म्हटलंही, “अहो, परवापर्यंत ओढा होता.”

हे शांतपणे म्हणाले, “पाऊस जास्त झाला असेल.”

एक मात्र माझ्या लक्षात आलं होतं. ओट्यावरच्या गोष्टीतलं कोणतंच जनावर कधी ओरडायचं नाही. कोणी नमस्कार करी, कोणी पाणी पिई, एका रानडुकराने तर म्हणे जखमेत स्वतःच चिखल भरला. पण विव्हळलं कोणी नाही. सगळी कशी रुबाबात जायची.

लग्नाच्या चौथ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका गावातला आगरी शेतकरी गिरणीत आला. दरवर्षी भात घेऊन यायचा, त्या वर्षी रिकाम्या हाताने आला आणि थेट ह्यांच्यापाशी गेला. “मिस्त्री, पीक हाताशी आलाय आन डुकरांनी अर्धा शेत लोलवला. तुमी या. आमी हाका करताव.”

ह्यांनी घरी येऊन बंदूक पुसायला काढली. मी म्हटलं, “मीही येते.”

“तू? कशाला?”

“चार वर्षं ऐकतेय. एकदा बघू दे की.”

त्यांनी दोन-तीन अडचणी सांगितल्या. चप्पल चालणार नाही, काटे असतात, उन्हात बसावं लागेल. मी प्रत्येकीला ‘चालेल’ म्हटलं. मग ते पुन्हा बंदूक पुसायला लागले. मला वाटतं, त्यांना मनातून बरंच वाटलं असावं. फौजदारांचा गुडघा सुजला होता आणि डुकराच्या शिकारीला चाचा कधीच येत नसत. म्हणजे ह्यांची शिकार बघणारं कोणी नव्हतंच.

पहाटेच्या पहिल्या एसटीने आम्ही निघालो. गोव्याच्या रस्त्यावर उतरलो तेव्हा उजाडत होतं आणि कर्नाळा किल्ल्याचा सुळका तेवढा उन्हात आला होता. शेतकरी न्यायला आला होता. त्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन शेतावर गेलो. शेत खरोखरच बघवत नव्हतं. पिकलेलं भात जागोजाग असं आडवं झालेलं की कोणी गाद्या घालून झोपून उठावं.

शेतात राखणीचा माळा होता, चार वाशांवर बांधलेला. शेतकऱ्याच्या बायकोबरोबर मला वर चढवलं. हे आमच्यापासून वीसेक पावलांवर, बांधाच्या आडोशाला बसले. समोर करवंदीची जाळी आणि मागे डोंगर. डुकरं दिवसा त्या जाळीतच झोपतात, असं ती बाई म्हणाली. गावातली आठ-दहा माणसं हाका करायला, म्हणजे डुकरं उठवायला, पत्र्याचे डबे घेऊन वळसा घालून पलीकडे गेली होती.

“भ्याला नाय ना बाय?” तिने मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. वाशाला घट्ट धरलं होतं, ते तिला दिसत होतंच.

मग पलीकडे डबे वाजायला लागले. आरडाओरडा झाला. आधी दोन ससे पळाले, मग एक मोर आमच्या डोक्यावरून गेला. आणि मग डुक्कर बाहेर आलं. मला वाटलं होतं ते धावत, चवताळून येईल. ते दुडक्या चालीने आलं, बाजारातून घाईने घरी निघालेल्या माणसासारखं. शेताच्या कडेने, उजवीकडून डावीकडे, आमच्यासमोरून चाललं होतं. काळंभोर, पाठीवर उभे केस.

ह्यांनी बार टाकला.

माळा हादरला. माझे डोळे मिटले असतील तर क्षणभरच, कारण पुढचं मी सगळं पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं. डुक्कर उडालं नाही, पडलं नाही, ओरडलं नाही. एक कान हलवला, माशी बसल्यावर हलवावा तसा. चाल मोडली नाही. त्याच दुडक्या चालीने ते शेत ओलांडून पलीकडच्या झाडीत गेलं.

“चुकला,” शेतकऱ्याची बायको हळूच म्हणाली.

हाका करणारी माणसं बाहेर आली. सगळे आडव्या झालेल्या भाताकडे बघत होते. हे बांधावर उभे होते, बंदूक खाली, कानाच्या पाळ्या लाल. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. इतक्या वर्षांत मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती. आपण आलोच नसतो तर बरं, असं वाटून गेलं.

शेतकरी मात्र डुक्कर गेलं त्या वाटेवर उकिडवा बसला होता. बोटांनी काहीतरी उचललं. “मिस्त्री, लागलीय.”

“कशावरून? रक्त कुठाय?”

“रगत नाय. केस पडलान, बगा. कापल्यावानी.” तळहातावर चार काळे केस होते. “आता घाय करू नका. बिडी वडू. मग जाव.”

सगळ्यांनी बिडी ओढली. हे बिडी ओढत नसत, त्यांनीही ओढली. मग पुरुष झाडीत शिरले, आणि मी माळ्यावरून उतरून वाट बघत राहिले. थोड्या वेळाने आतून हाका आल्या. आवाजावरूनच कळलं. आम्ही दोघी गेलो. जाताना मी, बार झाला तेव्हा डुक्कर जिथे होतं तिथपासून पावलं मोजली. सवयच ती. एकशे बारा भरली.

ते एका ऐनाच्या झाडाखाली पडलं होतं, पाय पोटाशी घेऊन. जखम खांद्यामागे, चार आण्याएवढी. चिखल नाही, काही नाही. शेतकरी म्हणाला, “वर्मावर बसलीय. त्याला कळलाच नाय, लागली ती. चालता चालता मेलाय.”

गावात मग आनंदच झाला. वाटे पडले, आम्हालाही मिळाला, वर नव्या भाताचे पोहे बांधून दिले. परतीच्या एसटीची वाट बघत रस्त्याकडेला बसलो तेव्हा मी म्हटलं, “काहीच केलं नाही हो त्याने.”

“नाही,” हे म्हणाले. पोह्यांच्या पुरचुंडीची गाठ त्यांनी पुन्हा आवळली. मग म्हणाले, “लग्नाआधी एक भेकर मारलं होतं. पाठीत लागली. ते ओरडत होतं, लहान मूल रडतं ना, तसं. दुसरी गोळी घालेपर्यंत थांबलं नाही. ते ओट्यावर सांगता येत नाही गं. म्हणून मग सांबर सांगतो.”

एसटी आली. गर्दी नव्हती, शेजारी शेजारी बसायला मिळालं. माझ्या पायांत काटे मोडले होते ते त्यांनी घरी आल्यावर कंदील जवळ घेऊन सुईने काढले.

रविवारी मंडळी जमली. ह्यांनी त्या दिवशी जे झालं तसंच सांगितलं. एक पाऊल इकडचं तिकडे केलं नाही. मी चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिले.

“आणि मग लागली,” हे म्हणाले.

फौजदार पुढे सरकले. “मग?”

“मग काही नाही. कान हलवला आणि चालत गेलं.”

“कोण?”

“डुक्कर.”

“अहो, पण गोळी लागल्यावर काय केलं?”

“तेच सांगतोय. काही केलं नाही. पलीकडे जाऊन मेलं.”

फौजदारांनी गुडघा चोळला. “मिस्त्री,” ते नाराजीने म्हणाले, “तुमचं सांबर आम्ही मानलं. नदीसकट मानलं. पण हे काही पटत नाही. ते डुक्कर दुसऱ्याच कशाने मेलं असणार. आधीच आजारी असेल.”

“आजारी डुक्कर दुडकत चालेल काय?”

“गोळी खाल्लेलं तरी चालेल काय?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. “भाभी, तुम्ही होता ना? तुम्ही मास्तरीण. तुम्ही सांगा, सच काय?”

“अगदी असंच झालं,” मी म्हटलं. “मी स्वतः पावलं मोजली. एकशे बारा.”

चाचा हसायला लागले. मांडीवर थाप मारून हसले. “बघा फौजदारसाहेब! एकशे बारा! एकशे दहा नाही, सव्वाशे नाही. मिस्त्रींनी भाभींना पक्कं तयार केलंय!”

फौजदारही हसले. मी आत आले. हे दोन दिवस घुमे होते. आयुष्यात एकदा ओट्यावर खरं बोलले आणि तेच कोणाला पटलं नाही, याचा त्यांना राग होता. मला मात्र आत चुलीपाशी हसू आवरत नव्हतं.

पुढे संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आळीतल्या बायका आल्या होत्या, शाळेतल्या दोघीतिघी होत्या. कोणाला तरी कळलं होतं की मी शिकारीला गेले होते. “सांगा ना!” म्हणून सगळ्या मागे लागल्या. मी सांगायला लागले. एसटी, माळा, डबे, ससे, मोर. सगळ्या कशा गप्प बसून ऐकत होत्या. बार झाला तसा एकीने तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! मग?”

मग मी काय सांगणार? वीस बायका, हातात तिळगूळ, डोळे माझ्याकडे. कान हलवला म्हणू?

“मग ते थांबलं,” मी म्हटलं. “आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. असं सरळ डोळ्यात डोळा घालून. आणि मग गेलं.”

सगळ्यांनी श्वास सोडला. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही गलबलून आलं, खरं सांगते. क्षणभर ते डुक्कर खरंच बघत उभं राहिलं होतं.

बायका गेल्यावर हे ओट्यावरून आत आले. मधल्या दाराला नुसता पडदा होता, आतलं सगळं ओट्यावर ऐकू जायचं. पाटावर बसून त्यांनी एक तिळगूळ उचलला आणि इंजिनाचा बिघाड विचारावा तशा गंभीर आवाजात विचारलं, “कुठल्या डोळ्याने बघितलं?”

मी वाट्या गोळा करत होते. न थांबता म्हटलं, “उजव्या.”

त्यांनी विचार केला. “पण डावी बाजू आपल्याकडे होती.”

“म्हणून तर मान वळवावी लागली ना त्याला.”

“बरोबर,” हे म्हणाले. “जखमी डुक्कर मान वळवतंच.” आणि तिळगूळ तोंडात टाकून इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी घेऊन धावावं लागलं.