ह्यांचा कॅमेरा घेऊन घनसावंगीला

कॅमेऱ्याबरोबर आलेलं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा गाडी मनमाडला उभी होती. दोन वर्षं ते कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होतं. आमचे हे म्हणायचे, "तुझ्यानं न्हाई व्हायचं ते," आणि मी म्हणायचे, बरं झालं, सुटले. मुलाने बंगलोरहून पाठवलेल्या त्या डिजिटल कॅमेऱ्याला ह्यांनी कुणाला हात म्हणून लावू दिला नाही. परिणाम असा, की कार्डात मी आहे, त्र्यंबक आहे, वणीचा गड आहे, आमची मांजर सतरा वेळा आहे आणि हे कुठेच नाहीत. श्रावणात हे गेले, तेव्हा भिंतीवर लावायला ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणावा लागला. त्यात ते कुणाशी तरी भांडून आल्यासारखे दिसतात.

मी नाशिकची, हे घनसावंगीकडचे. तीस वर्षं नाशकात राहून बोली सोडली नाही माणसाने. "जेवून राह्यलो ना," "जाऊन आल्तो ना," असं चालायचं आणि मी चिडवायचे. गावाकडची गंगा दाखवतो, हे तर दर दिवाळीचं पालुपद. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. मी म्हणायचे, "अहो, ती माझ्या दारातून वाहते, आणखी कशाला बघू?" तर म्हणायचे, "तुमची म्हंजे नाला हाय गं. आमच्याकडं बघ कशी पसरली." सासरी मी गेले ती लग्न-बारशांना. स्वयंपाकघरात शिरायचं, तिसऱ्या दिवशी परत. नदी गावापासून वीसेक किलोमीटर, ती राहूनच गेली.

तर मार्गशीर्षात एका सकाळी ठरवलं, जायचं. मुलगा फोनवरून सांगत गेला, मी बटणं दाबत गेले आणि रेल्वेचं तिकीट घरातल्या घरात कागदावर छापून निघालं. तपासनीस त्या कागदाला हसेल, अशी मला धाकधूक होती. त्याने बघितलं आणि पुढे गेला.

पुस्तक इंग्रजीत होतं, पण शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं परिपत्रकं वाचलेल्या बाईला त्याचं काय! औरंगाबाद येईपर्यंत मला कळलं की चाकावरचं फुलाचं चिन्ह जवळच्या वस्तूंसाठी, धावणारा माणूस पळत्या गोष्टींसाठी, आणि घड्याळाचं बटण दाबलं की दहा सेकंदांनी कॅमेरा आपला आपण फोटो काढतो. हे शेवटचं एकट्या माणसांसाठीच केलेलं असणार. चाकावर आणखी दोन-तीन चिन्हं होती, ती पानं मी कंटाळून सोडली.

दुपारी दोनच्या सुमाराला जालना. नवीन जालना म्हणजे स्टेशनाकडचा भाग, बियाणं कंपन्यांच्या पाट्या, बँका आणि मोटारसायकलीच मोटारसायकली. उतरले तोच रिक्षावाला, "कुठं जायचं मावशी? बसा ना, जल्दी सोडतो." मागून कुणी म्हणालं, "मी कव्हाचा थांबून राह्यलो." मी गर्रकन वळून पाहिलं! पान खाणारा एक अनोळखी गृहस्थ होता. त्या अख्ख्या गावात सगळे ह्यांच्यासारखं बोलत होते आणि त्यात हे नव्हते. फार वाईट वाटलं हो. सोबतीला म्हणून आले होते त्या बोलीच्या, आणि तिनेच रडवलं.

स्टेशनसमोरच्या लॉजवर अडीचशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. मॅनेजरने वहीवर पेन टेकवून विचारलं, "सोबत कोन हाय?" मी म्हटलं, "कुणी नाही." चार महिन्यांत हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले.

दुसऱ्या दिवशी एसटीने अंबड, तासभराचा रस्ता. (बीड-सोलापूरकडून येणाऱ्यांनी हायवेवरच्या वडीगोद्रीला उतरावं, अंबडला गाड्या मिळतात.) मत्स्योदरी देवीची टेकडी माशासारखी आहे म्हणतात. मला तर पायऱ्याच दिसल्या, गुडघे दुखत होते. वर मात्र वारा सुरेख. फुलाच्या चिन्हावर कुंकवाचा फोटो काढला, नारळाच्या शेंड्यांचा काढला, एका मुंगळ्याचासुद्धा काढला. आणि पडद्यावर आलं, कार्ड भरलं.

आता जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं. मांजर पुसवेना. सहा फोटो असे होते ज्यांत मी पुतळ्यासारखी उभी, चित्र जरा धूसर, कोपऱ्यात एक बारीक चिन्ह. आमच्या लहानपणी स्टुडिओतला माणूस काळ्या कापडात डोकं घालून ओरडायचा, हलू नका, श्वास धरा, बोलू नका. ती सवय माझी गेलेलीच नाही. कॅमेरा समोर आला की मी खांब होते. आणि ह्या सहांबद्दल आमचे हे म्हणाले होते, "बिघडले हे, खट् आवाजच आला न्हाई. काढून टाकू." मी पाच काढून टाकले. कॅमेरा दर वेळी विचारत होता, नक्की पुसायचं का, आणि मी दर वेळी हो म्हणत होते. सहावा ठेवला, कारण त्यात माझी मोरपंखी साडी छान दिसत होती. पाचच पुसले, तर केवढी जागा झाली! आश्चर्य वाटलं, पण मी पडले कारकून. काम झालं की प्रश्न विचारत नाही.

अंबडहून वीस रुपयांत जीप. तिघांच्या बाकावर पाच जण, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, दोन्हीकडे ऊस आणि वेचून झालेला कापूस. घनसावंगीला चुलत दीर आणि जाऊबाई. रात्री येसर मसाल्याची आमटी, भाकरी, लसणाचा ठेचा. कुणी ह्यांचं नाव काढलं नाही, वाढताना मात्र जाऊबाईंनी दोनदा डोळे पुसले.

तिसऱ्या दिवशी भाऊजींनी ओळखीची जीप काढली आणि आम्ही तिघं गंगेवर गेलो. वाटेत शेतात गरम गरम हुरडा. नदी खरंच पसरलेली होती. पाणी संथ, पलीकडचा काठ लांब, माणूस नाही. भाऊजी म्हणाले, "दादा गेल्या वर्षी फोनवर म्हनत व्हते, यंदा वहिनीला गंगा दाखवायचीच."

मी कॅमेरा दगडावर ठेवून घड्याळाचं बटण दाखवलं. भाऊजी खूश! "वहिनी, या तुम्ही बी, तिघांचा काढू."

जाऊबाई झटकन बाजूला झाल्या. "न्हाई न्हाई, तिघांचा फोटो काढू न्हाई, अक्का."

"अगं, काय व्हतंय?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

रूढी आहे तशी, मलाही माहीत आहे. तिघांतल्या मधल्याचं वाईट होतं म्हणतात. मी त्या दोघांचा फोटो काढला, मग दोघं लांब उभे राहिले आणि मी एकटीचा काढला. लाल दिवा लुकलुकत होता आणि मी दहा सेकंद श्वास धरून उभी. चौघं असतो तर कुणाचं काही अडलं नसतं. नंतर रागारागाने नदीचेच फोटो काढत सुटले. चाळीसेक असतील.

चौथ्या दिवशी परत जालना. गाडीला वेळ होता, म्हणून फोटो सीडीवर घ्यायला एका नेट कॅफेत शिरले. तिथली बाई तिशीची, बोलायला फटकळ, कामाला चलाख. फोटो उतरवता उतरवता थांबली.

"मावशी, ह्यो एक फोटो न्हाई. व्हिडिओ हाय."

"छे हो, माझा फोटो आहे तो. बिघडलेला."

तिने बटण दाबलं. मोरपंखी साडीत मी. पापणीसुद्धा हलत नाही. आणि मागून खाकरल्याचा आवाज, मग ह्यांचा आवाज. "हं. उभी राह्य अशीच." संपलं.

मी म्हटलं, पुन्हा लावा. तिने तीनदा लावलं. चाक चुकून व्हिडिओच्या चिन्हावर गेलं होतं. पहिल्यांदा दाबलं की सुरू, खट् आवाज नाही, म्हणून पुन्हा दाबलं की बंद. ह्यांना वाटलं बिघडलं. आणि मी अशी खांब, की मलाही कधी संशय आला नाही.

"असे आणखी पाच होते," मी म्हटलं. "मी पुसले. परवा."

तिने माझ्याकडे बघितलं. "त्याच्यानंतर फोटो काढले का?"

"पुष्कळ."

"आता एक बी काढू नका. बिलकुल न्हाई."

मग समजावून सांगितलं. पुसलं म्हणजे यादीतून नाव गेलं, माल जागेवरच असतो, वरून नवीन काही बसेपर्यंत. तो परत काढायचं साधन नेटवर फुकट मिळतं. कारकुनाला हे लगेच कळलं. म्हणजे मी गंगेचे फोटो ह्यांच्या आवाजावर काढले होते.

तिने ते साधन चालू केलं आणि चाळीस मिनिटं कामाची पट्टी पडद्यावर सरकत होती. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, तर तिने "दुसरीकडं बघा भाऊ" म्हणून लावून दिलं. पाचांपैकी एक मिळाला, तोही मोडका. चित्र पहिल्याच क्षणाला अडकलंय, नुसता आवाज चालतो. ती बिचारी म्हणाली, "चित्र न्हाई आलं बराबर." मी म्हटलं, राहू दे बाई, मी तशीही हललेच नव्हते. एवढं बोलून मात्र मला हुंदका आवरेना. तिने सीडीचे पैसे घेतले, त्या चाळीस मिनिटांचे घेतले नाहीत.

आता घरी आहे. हे लिहितेय तेही असंच एक साधन सापडलं म्हणून. इंग्रजी अक्षरं ठोकायची, पडद्यावर मराठी उमटतं. गंगेचे फोटो मुलाने नेटवरच्या अल्बममध्ये चढवलेत, सुरेख आलेत, जरूर जा, हुरड्याच्या दिवसांत जा. मला मात्र ते बघवत नाहीत. आणि एक सांगते, कार्ड भरलं तर नवीन घ्या. पुसायच्या आधी प्रत्येक फोटोवर एकदा मधलं बटण दाबून बघा.

तो मोडका तुकडा बावीस सेकंदांचा आहे. मी वणीच्या पायऱ्यांवर उभी आहे आणि हे म्हणतात, "हलू नको. हां. दाबून राह्यलो, पन आवाजच येईना याचा. बिघडला का काय." मग जरा थांबतात. "थकली का गं?" मी गप्प. "बोल की." मी गप्पच, फोटोत बोलायचं नसतं ना! "बरं, बस मंग."

रोज संध्याकाळी दिवा लावला की मी तो तुकडा लावते. "थकली का गं?" आलं की थांबवते, म्हणते, "हो हो, फार थकले." आणि मग पुढचं ऐकते.