दसऱ्याच्या पूजेतली दुनळी

मी आज जो काही आहे तो निकुंभ सरांमुळे. शहाद्याच्या शाळेत ते आम्हाला परेड आणि नेमबाजी शिकवायचे. माझे वडील मार्केट यार्डात हमाल. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रवेशासाठी सर स्वतः माझ्याबरोबर आले होते, आणि सुरतेला नोकरी लागली तेव्हा स्टँडवर सोडायलाही तेच आले.

सरांचा भुताखेतांवर विश्वास नाही, माझाही नाही. या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. काही वाचून तर हसलोसुद्धा... आता हसू येत नाही.

सुरतेतल्या उधन्यात मी एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर आहे. आम्ही बंदूकधारी गार्ड पुरवतो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर – एक लांब हॉल, आत यायला एकच दार. खाली साड्यांच्या फोल्डिंगचं काम चालतं. दसऱ्याच्या सकाळी गार्ड आपापल्या लायसनच्या बंदुका घेऊन येतात, टेबलावर लाल कापड अंथरून शस्त्रपूजा होते आणि मग फाफडा-जलेबी. घरची माणसंही येतात. यंदा माझी बायको वैशाली पहिल्यांदाच आली होती.

दाराशी बंदुका तपासायचं काम माझं. प्रत्येक बंदूक उघडायची, नळीतून पलीकडचा उजेड बघायचा, काडतुसं डब्यात जमा करायची. ही सरांनी लावलेली सवय. "दुसऱ्याने तपासली असली तरी तुझ्या हातात आली की तू तपास," असं ते म्हणायचे. ऑफिसात या सवयीची थट्टा होते. एजन्सीच्या शेठचे मेहुणे जिग्नेशभाई त्या दिवशीही म्हणाले, "मास्तर, ससुराल में भी सबकी तलाशी लेते हो क्या?" सगळे हसले. वैशाली तर सर्वांत जास्त.

आरती झाली. फोटो सुरू झाले. जिग्नेशभाईंनी टेबलावरची एक दुनळी बंदूक उचलली. ती बाबूकाकांची, धुळ्याकडच्या आमच्या जुन्या गार्डची. नळीवर हळदकुंकू, झेंडूच्या पाकळ्या तशाच.

"भाभी, एक फोटो पाडो ने, हीरो जेवो!" हीरोसारखा फोटो हवा होता त्यांना.

वैशालीने मोबाईल वर धरला. "अहो, जरा हसा तरी!"

"हीरो हसे नहीं, भाभी."

आणि त्यांनी एक डोळा मिटून नेम धरला... सरळ मोबाईलवर. म्हणजे वैशालीच्या चेहऱ्यावर. बोट घोड्यावर. मी खिडकीजवळ जलेबीचं ताट घेऊन उभा होतो. मला ते दिसत होतं, पण काही वाटलं नाही. सगळ्या बंदुका मी स्वतःच तर तपासल्या होत्या!

तेवढ्यात दाराकडून आवाज आला –

"जाँच... शस्त्र!"

परेडमध्ये बंदूक तपासायला देतात तो हुकूम. 'जाँच' लांबवलेला आणि 'शस्त्र' कुऱ्हाडीने तोडल्यासारखा. हा हुकूम असा देणारा एकच माणूस मला माहीत आहे. ताट माझ्या हातातून कधी पडलं ते आठवत नाही. मी धावत जाऊन दुनळीची तोंडं जमिनीकडे दाबली होती, जिग्नेशभाईंच्या हातातून ती काढून घेतली होती आणि उघडलीही होती.

उजव्या नळीत काडतूस होतं.

बाबूकाकांनी हातांनी तोंड झाकलं आणि ते रडायलाच लागले. "खाली हत्यारनी पूजा करतस का कोनी, भाऊ? मन्हा बाप बी असंच करे..." आपण रिकामी ओटी कोणाला देत नाही, तसं त्यांच्या घरी रिकामी बंदूक पूजेला ठेवत नाहीत. एक काडतूस त्यांनी खिशात ठेवलं होतं. माझी तपासणी झाल्यावर, आरतीच्या आधी, हळूच नळीत घातलं. प्रसाद वाटून झाला की काढणार होते. मनात काही वाईट नव्हतं हो. श्रद्धेने केलं होतं.

मग जिग्नेशभाईंनी विचारलं, "पण बूम कोणे पाडी?"

कोण ओरडलं... म्हणजे मला एकट्यालाच ऐकू आलं नव्हतं! वैशालीने ऐकलं, गार्डांनी ऐकलं. बाबूकाका म्हणाले, त्या हुकुमाने त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या. दार उघडलं, जिना पाहिला. कोणी नाही. दसरा म्हणून खालचं युनिटही बंद.

वैशालीचा मोबाईल गडबडीत व्हिडिओवर राहिला होता. तो आम्ही कितीदा तरी पाहिला. त्यात तिचं बोलणं आहे, जिग्नेशभाईंचं आहे, पंख्याची घरघर आहे. हुकूम नाही. फक्त एका क्षणी जिग्नेशभाईंसकट पडद्यावरच्या सगळ्या माना एकदम दाराकडे वळतात.

आणि एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. गेल्या वर्षी कर्करोगामुळे सरांचं स्वरयंत्र काढलं. ते बोलूच शकत नाहीत. पाटीवर लिहितात.

मी लगेच शहाद्याला फोन लावला. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, म्हणाल्या, "काही नाही रे, ओट्यावर पेपर वाचत बसलेत. का?" सहज, म्हणालो मी, आणि सरांची बाकी चौकशी केली. जिन्यात कोणी असेल, रस्त्यावरचा आवाज असेल, भास असेल... सगळे अंदाज बांधून झाले. एकही टिकला नाही. त्या रात्री सरांना पत्र लिहिलं. तेच इथे देतो.

"आदरणीय सर, सा. न.

आज ऑफिसात जे घडलं ते सोबत सविस्तर लिहिलं आहे. तुम्ही पुराव्याशिवाय काही मानत नाही. माझ्याकडे पुरावा नाही, उलट व्हिडिओ माझ्याविरुद्ध आहे. तरी तो आवाज मी ओळखतो, सर. सहा वर्षं मैदानावर ऐकलाय.

बाई म्हणाल्या, आवाज गेल्यापासून तुम्ही मैदानाकडे फिरकत नाही. 'मुक्या माणसाने परेड काय घ्यायची' असं पाटीवर लिहून दाखवता. त्यावर मी काय बोलणार? एवढंच सांगतो की आज चौदा माणसांनी तुमचा हुकूम ऐकला, आणि त्यातली तेरा तुम्हाला ओळखतही नाहीत.

दिवाळीत आम्ही दोघं येतोय. वैशालीला तुमचे आभार मानायचे आहेत. नेमके कशाबद्दल म्हणून मानू, असं ती सकाळपासून विचारते आहे. मला सांगता येत नाही. तुम्हीच पाटीवर लिहून द्या.

तुमचा विद्यार्थी,
संजय"