मी आंघोळ घातलेली गाडी

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार शहाणी समजणार नाही. मी एका कोऱ्या करकरीत गाडीला आतून आंघोळ घातली होती. चार बादल्या पाणी! शिकेकाई लावायची तेवढी राहिली...

भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. माहेरी सांगलीला कुणी मुंजाच्या गोष्टी सांगायला लागलं की मी मध्येच विचारायचे, "त्याला जेवायला कोण वाढतं?" आणि गोष्टीचा विचका करायचे. अजूनही करते. म्हणूनच हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. आपल्याच गोष्टीत कुणी असा प्रश्न विचारला तर काय सांगणार?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. कन्नड मुलखात, येलहंकाच्या पुढे, देवनहळ्ळीच्या रस्त्याला आत, नव्या लेआउटमध्ये आमचं घर. घरं चार, बाकी द्राक्षाचे मळे. डोक्यावरून एअरफोर्सची विमानं जायची, पण मान वर करून कुणी बघायचं नाही. हे कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि जुनी गाडी काढून नवी घेतली — इंजिनाला कम्प्युटर असलेली. तिचं ह्यांना इतकं कौतुक, की पाहुण्यांना चहाच्या आधी बॉनेटच्या आतलं दर्शन.

खंडेनवमी आली. इथे तिला आयुधपूजा म्हणतात आणि त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना न्हाऊमाखू घालतात, केळीचे खांब बांधतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. आमच्या जुन्या गाडीचा पत्रा खाली गंजून चाळणी झाला होता. आत बादली ओतली की पाणी आपलं आपण निघून जायचं. मी त्याच थाटात नव्या गाडीत चार बादल्या ओतल्या आणि पाणी जात का नाही म्हणून वाट बघत बसले! इंजिनाचा तो कम्प्युटर — पोथीएवढा चपटा डबा — डाव्या सीटपुढे, पायाखालच्या कार्पेटखाली असतो हे मला कुठे ठाऊक? ह्यांना ठाऊक होतं. पण हे केळीचे खांब आणायला गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून गाडीला उचक्या लागल्या. चालता चालता बंद पडायची, डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा सारखा पेटलेला. नागोजी अण्णा आले. हे आमचे मेकॅनिक. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी आमच्याहून जुनी, पण कन्नडात मुरलेली. त्यांनी कार्पेट उचललं, डबा उघडून आतली हिरवी बुरशी मला दाखवली.

"अक्का, गाडीचं डोकंच बुडवलं की तुम्ही!"

"मग आता?"

"स्वल्प दिवस असंच चालवा. नवा डबा मद्रासहून मागवतो. तोवर देवाचं नाव घ्या."

"मी नाही घेत," मी म्हटलं.

"सरी, मग मी घेतो," म्हणाले आणि गेले.

आठवडा गेला. त्या दिवशी ऑटोवाल्यांचा संप होता. मी सकाळी चालतच भाजीला गेले होते, अकराच्या सुमारास परतले तर गच्चीवरून हे ओरडत खाली येताना दिसले. टाकीतून पाणी का गळतंय बघायला गेले आणि टाकीखालच्या मोहोळाला धक्का लागला. मधमाश्यांनी डोकं, मान, ओठ — काही सोडलं नव्हतं. मी चादर टाकून माश्या झटकल्या. पाच मिनिटांत ह्यांचा चेहरा मला ओळखू येईना. डोळे मिटले, जीभ सुजली, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अँब्युलन्सचा फोन एंगेज. शेजारचे गावाला गेलेले. जवळचं नर्सिंग होम येलहंकात, सहा किलोमीटर.

मी ह्यांना गाडीत ढकललं. हे जोरजोरात हात हलवायला लागले. नको, नको, नको! बोलता तर येत नव्हतं. एक बोट सारखं पायाखाली दाखवत होते.

आता माझी अक्कल बघा. ड्रायव्हिंग मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले होते आणि हे कायम त्यावर टीका करायचे. मला वाटलं, मरणाच्या दारातसुद्धा ह्यांना माझा क्लच दिसतोय! मी ओरडले, "गप्प बसा हो! जगलात की नावं ठेवा माझ्या ड्रायव्हिंगला!"

आणि चावी फिरवली.

पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. ह्यांचा हात हवेतच थांबला. मग हळूच मांडीवर आला.

उचकी नाही, धक्का नाही. मळे मागे पडत होते, मी तिसऱ्या गिअरवरून चौथ्यात गेले — मला चौथा गिअर नेहमी सापडायचा नाही, त्या दिवशी आपणहून पडला. पुढे रेल्वे गेट बंद. लांबलचक मालगाडी. मी इंजिन बंद करायला धजावले नाही. तेव्हा कुठे माझं डॅशबोर्डकडे लक्ष गेलं. पिवळा दिवा नव्हता. एकही दिवा नव्हता. काटे सगळे शून्यावर पडलेले... आणि गाडी चालू. हाताखालचं स्टिअरिंग थरथरत होतं, पण आवाज इतका कमी, की मालगाडी गेल्यावर मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी बारीक होत चालली होती. मी तो श्वास मोजत होते आणि — खरं सांगते — मला भीती वाटत नव्हती. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं काहीतरी झालं होतं मला. ह्यांनीही मान खाली घातली होती. गेट उघडलं.

नर्सिंग होमच्या पोर्चमध्ये मी ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली. ह्यांना उचलून आत नेलं, इंजेक्शनं दिली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "श्वास मोकळा होतोय." मी तिथेच फरशीवर बसले.

दुपारी नागोजी अण्णा स्कूटरवरून आले, बगलेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. आधी आमच्या घरी गेले होते, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने इकडे पाठवलं.

"साहेब कसे आहेत?"

"आहेत. अण्णा, तुमचा नवा डबा आता राहू द्या, गाडी सुतासारखी चालली."

"कुठली गाडी?"

"आमचीच. हीच!"

"अक्का, कोणी ओढून आणली?"

"मी चालवत आणली."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाही मधमाशी चावली असावी. त्यांनी दार उघडलं, कार्पेट उचललं. खाली रिकामी जागा. वायरींचा जाड जुडगा तोंड उघडं टाकून पडलेला.

"सकाळी तुम्ही भाजीला गेला होता तेव्हा मी जुना डबा नव्याशी जुळवून बघायला काढून नेला," ते म्हणाले. "साहेबांना सांगून. हा बघा." कापडात दोन डबे होते, एक नवा आणि एक बुरशीचा. "डब्याशिवाय पेट्रोलचा पंप फिरत नाही, ठिणगी पडत नाही. सेल्फ मारा."

मी सेल्फ मारला. नुसती घरघर. पुन्हा मारला. घरघर. चार-पाच वेळा. मग अण्णांनी नवा डबा बसवला, वायरी जोडल्या, आणि गाडी सुरू झाली — चारचौघींसारखा आवाज करत. पिवळा दिवा क्षणभर पेटून विझला. अण्णांनी चपला काढल्या, बॉनेटवर दोन्ही हात ठेवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मी, सांगलीची ती चेष्टेखोर बाई, त्यांच्या शेजारी उभी. माझ्याही पायात चपला नव्हत्या. कधी काढल्या, आठवत नाही.

पुढे मी किती जणांना विचारलं! गाड्यांच्या कंपनीतला भाचा म्हणाला, "मावशी, अशक्य. रस्ता उताराचा असेल." उतारावर रेल्वे गेट नसतं, आणि बंद इंजिन गेटपाशी थरथरत नाही. दुसरा म्हणाला, घाबरल्यामुळे तुम्हाला भास झाला. बरं, भासात मी ह्यांना खांद्यावर घेऊन सहा किलोमीटर गेले का? आज मी आजी झाले, गाड्यांमध्ये डबेच डबे आले, उत्तर मात्र आलं नाही.

हे इंजिनिअर. नळ गळला तरी त्याचं कारण सापडेपर्यंत न जेवणारे. दुसऱ्या दिवशी ह्यांची जीभ जरा उतरली तेव्हा मी पलंगाजवळ खुर्ची ओढून विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना डबा नाही ते? गाडी सुरू झाल्यावर हात का थांबवलात? गेटपाशी एवढा वेळ होतो, निदान एकदा खूण करायची!"

ह्यांनी सुजलेल्या डोळ्यांच्या फटीतून आधी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले:

"अगं, गाडीला अजून कळलं नव्हतं. आपण कशाला सांगा?"