दोन उन्हांची साल

समजा, पहाटे तुम्ही ओग्बोमोशो शहराच्या खाटीकखान्यात गटारापाशी बादली धरून उकिडवे बसला आहात. चौघं मिळून बैल आडवा पाडतात, सुरी फिरते आणि पहिली गरम धार तुमच्या कोपरापर्यंत उडते. हात मागे घ्यायचा नाही. रक्त गोठायच्या आत चुलीवर चढवायचं, बैलाच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा त्यात ओतून आटवायचं, कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, वाळल्या सालींत कालवायचं आणि वाळायला खडकावर पसरायचं.

सिफाऊ चौदा वर्षं हेच करत होती. दुकानातली पेंड ज्यांना परवडत नव्हती, त्यांची जनावरं तिच्या खाद्यावर जगत.

त्या मंगळवारी शेळ्या पाळणारा लामिदी कोयता घेऊनच आला.

"अकरा शेळ्या! फेस गाळत, पाय झाडत मेल्या. काय कालवलंस, चेटकिणी?"

"दादा, ऐकून तर घे!"

त्याने तिचं रक्ताचं पिंप फोडलं. दुसरा वार तिने हातावर झेलला. कातडी उकलून आतलं पांढरं दिसलं.

"लामिदी, मेल्यात तर इकडे आण की, फुकट सोलून देतो!" एक खाटीक खिदळला.

खाटकांचा म्होरक्या गनियू मध्ये पडला. "सिफाऊ, खरं बोल."

तिने कमरेच्या कापडाने जखम आवळली. "साल कडू कसाव्याची होती, गनियूबाबा. तिला तीन उन्हं द्यावी लागतात, नाहीतर विष उरतं. आभाळ आलं, मी दोनच दिली. चुकलं माझं. पण त्याच पोत्यातलं माझ्या मेंढ्याने काल खाल्लंय, आजही खाल्लंय. तो बघा, उभा आहे."

"खोटारडी!"

लामिदीने मेंढ्याला शिंगाला धरून ओढलं, गळा चिरला, आणि त्याचे पाय झाडायचे थांबायच्या आत पोट उभं फाडलं. वाफाळता कोथळा फरशीवर सांडला. त्यात तेच काळपट खाद्य होतं, सालींच्या तुकड्यांसकट.

आता कोणी हसलं नाही.

"मग माझ्याच का मेल्या?" लामिदीचा आवाज फाटला.

गनियूने तिची बादली लाथेने उडवली. "का मेल्या ते सांगशील, तेव्हा परत ये. तोवर इथलं थेंबभर रक्त मिळायचं नाही."

हाताला नऊ टाके पडले. ते सुकायच्या आत सिफाऊ लामिदीच्या अंगणात उभी राहिली. तिला बघून त्याने पुन्हा कोयता उचलला.

"मारायचं तर नंतर मार," ती म्हणाली. "माझा मेंढा दोन्ही दिवस रानात पोटभर चरून आला होता. भरल्या पोटी थोडं विष पचतं, रिकाम्या पोटी चढतं. तुझ्या शेळ्यांना त्या दिवशी, माझं खाद्य टाकायच्या आधी, काही खायला घातलं होतंस का?"